लाव्याला त्याचेच रान पुरे

अमेरिकेच्या नैर्ऋत्येला, ॲरिझोना-न्यू मेक्सिकोच्या कोरड्या मुलखात, रानलावा मारून आणणारे कितीतरी जण तो बेकनच्या पट्टीत गुंडाळून, चीज आणि मिरची ठासून निखाऱ्यावर टाकतात. खमंग लागतो, नाही असे नाही. पण खमंग लागते ते बेकन. तिथला गॅम्बेल लावा जेमतेम 160-170 ग्रॅमचा. छातीत चरबी जवळपास नाहीच, म्हणून मांस चटकन कोरडे पडते आणि मग त्यावर डुकराच्या चरबीचे पांघरूण घालावे लागते. कातडी सोलण्याऐवजी नुसती पिसे उपटली, पक्षी काही तास मिठाच्या पाण्यात ठेवला, कणा काढून चपटा केला आणि मेस्किटच्या रसरशीत निखाऱ्यावर मोजकी मिनिटेच भाजला, तर पांघरुणाचे कामच उरत नाही.

सोबतीला त्याच्याच रानातले घ्यावे. सोनोरन वाळवंटात हा पक्षी मेस्किटसारख्या शेंगांच्या झाडांचे बी, कोवळा पाला आणि निवडुंगाची फळे खाऊन वाढतो. हिवाळी पाऊस बरा झाला तरच त्या साली पिल्ले उदंड. तिथले तोहोनो ओओदाम लोक उन्हाळी पावसाच्या ओहोळांवर टेपरी घेवडा पिकवत आले, मेस्किटच्या शेंगा दळत आले. वाटाण्याहून लहान चिल्टेपीन मिरचीही तिथलीच रानटी. तेव्हा शिजवलेली टेपरी, वर लावा, चिमूटभर चिल्टेपीन आणि फड्या निवडुंगाच्या लाल बोंडांचा रस; बस्स. युनेस्कोने 2015 मध्ये ॲरिझोनातल्या टूसॉनला खाद्यसंस्कृतीचे शहर ठरवले, त्यात या जुन्या पिकांचा वाटा मोठा.

स्थानिक म्हणजे चविष्टच, हा भाबडेपणा झाला, असे कुणी म्हणेल. खरे आहे, मेस्किटचे गोडसर पीठ सढळ हाताने वापरले तर पक्ष्याची मिठाई होते. म्हणून तर हात आखडता हवा. एवढासा जीव मारावाच का, हा आक्षेप अधिक वजनदार. पण शिकार न करताही बहुतेक लावे वर्षभर जगत नाहीत. ॲरिझोनात शिकारीला रोजची मर्यादा आहे, आणि 1937 च्या कायद्याने बंदुका-काडतुसांवरचा कर वन्यजीवांकडे वळवला आहे. हा हिशेब आपल्याकडे मात्र लागू नाही. इथल्या रानलाव्याला 1972 च्या कायद्याचे संरक्षण आहे. बाजारात मिळतो तो पाळीव जपानी लावा. तो पिंजऱ्यातल्या खाद्यावर पोसलेला. त्याला खुशाल हवा तेवढा मसाला लावा.