उकाड्यात हवेतला ऑक्सिजन खरंच कमी होतो का?

मृग लागला की आर्वी परिसरातल्या दवाखान्यांत एक वाक्य हमखास ऐकू येते : "डॉक्टर, हवेत ऑक्सिजनच राहिला नाही." मे महिन्यात ४४-४५ अंशांत शेतात राबलेला माणूसही जूनच्या ३४ अंशांत जीव घुसमटतो म्हणतो. त्रास खरा आहे, पण त्याचे हे कारण खरे नाही. कारण चुकीचे धरले, की खरा आजार मागे पडतो. म्हणून हा विषय नीट समजून घ्या.

वाफेमुळे ऑक्सिजन किती घटतो?

कोरड्या हवेत सुमारे २१ टक्के ऑक्सिजन असतो. हवेत पाण्याची वाफ मिसळली की ती थोडी जागा घेते. तापमान ३३ अंश आणि आर्द्रता ७५ टक्के असली, तर ऑक्सिजन २० टक्क्यांच्या आसपास येतो. चिखलदऱ्याला उंचीमुळे श्वासागणिक मिळणारा ऑक्सिजन याहून जास्त घटतो. तिथे मात्र आपण हवापालटासाठी जातो!

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. बाहेरची हवा कोरडी असो वा दमट, नाक आणि श्वासनलिका तिला फुप्फुसात पोहोचण्याआधी ३७ अंशांवर आणून वाफेने पूर्ण भरून टाकतात. म्हणजे फुप्फुसाच्या आत हवा कायमच दमट असते. बाहेरचा उकाडा तुमच्या रक्तातला ऑक्सिजन कमी करत नाही.

मग जीव का घुसमटतो?

घाम येण्याने शरीर थंड होत नाही, घाम वाळण्याने होते. हवेत आधीच भरपूर वाफ असली की घाम अंगावरून नुसता ओघळतो. उष्णता बाहेर टाकण्यासाठी शरीर त्वचेकडे जास्त रक्त पाठवते, हृदयाचे ठोके वाढतात, श्वासाचा वेग वाढतो. चेहऱ्याला वाऱ्याचा गारवा लागला की श्वास मोकळा वाटतो, उकाड्यात तोही मिळत नाही.

दम्याच्या रुग्णांत आणखी एक भर पडते. गरम आणि दमट हवेने काहींच्या श्वासनलिका आकसतात. शिवाय ओल धरलेल्या भिंतींवर बुरशी वाढते, गाद्या-उशांतल्या धुळीत सूक्ष्म कीटक वाढतात आणि दम्याला चिथावणी मिळते.

खारघरने काय शिकवले?

१६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा उघड्या मैदानावर, भर उन्हात झाला. १४ जणांचा जीव गेला. सरकारने कारण उष्माघात सांगितले. जवळच्या केंद्रावर त्या दिवशी नोंदलेले कमाल तापमान होते सुमारे ३८ अंश. आपल्याकडे एप्रिलमध्ये ३८ म्हणजे बरा दिवस! पण खाडीकाठच्या दमट हवेतले ३८ अंश आणि वर्धा जिल्ह्यातल्या कोरड्या हवेतले ३८ अंश शरीराला सारखे नसतात.

हवामान खातेही हा फरक मानते. उष्णतेच्या लाटेचा विचार मैदानी भागात तापमान ४० अंशांवर गेल्यावर होतो, तर किनारपट्टीवर ३७ अंशांवर. त्याच महिन्यात भारत आणि बांगलादेशात आलेल्या दमट उष्णतेचा अभ्यास जागतिक शास्त्रज्ञांच्या एका गटाने केला. हवामान बदलामुळे अशा लाटेची शक्यता किमान ३० पटींनी वाढली, असा त्यांचा निष्कर्ष होता. म्हणून बातम्यांत नुसता तापमानाचा आकडा पाहू नका, आर्द्रताही पाहा. 'उष्ण व दमट' असा इशारा असेल, तर पारा कमी दिसला तरी मेहनतीची कामे पहाटे उरका.

आपल्याकडे दोन वेगळे उन्हाळे

मे महिन्यात आपली हवा अतिशय कोरडी असते. फुप्फुसात पोहोचणाऱ्या हजार लिटर हवेत सुमारे ४४ ग्रॅम पाणी लागते. ४४ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असलेल्या हवेत ते जेमतेम ९-१० ग्रॅम असते. उरलेले नाक-घशाच्या अस्तरातून जाते. त्यामुळे नाकातून रक्त येणे, घसा कोरडा पडणे, कफ घट्ट होणे हे त्रास मेमध्ये दिसतात. या दिवसांत पाणी वेळेवर प्या, नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब टाका आणि बाहेर जाताना दुपट्टा नाका-तोंडावर घ्या.

कूलर पाण्याची वाफ करूनच हवा गार करतो. म्हणून मेमध्ये तो वरदान ठरतो. पहिला पाऊस पडल्यावर बंद खोलीत तोच कूलर चालवला, तर खोली गार होत नाही, नुसती दमट होते. तेव्हा :

- कूलर चालू असताना समोरची खिडकी किंवा दार उघडे ठेवा.
- पावसाळी हवेत कूलरचा पंप बंद करून फक्त पंखा चालवा.
- टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून घासा. बुरशी आणि डेंग्यूचे डास दोन्ही टळतात.
- घुसमटल्यासारखे वाटते म्हणून वाफ घेऊ नका. दम्यावर तो उपचार नाही, शिवाय भाजण्याचा धोका असतो.

"उकाड्यामुळेच" म्हणून काय सोडून देऊ नये?

कोविडपासून बऱ्याच घरांत बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आहे. उकाड्यामुळे त्यावरचा आकडा उतरत नाही. निवांत बसून, बोट स्वच्छ पुसून, दोनदा मोजूनही तो ९४ च्या खाली असेल, तर दोष हवेत शोधू नका. फुप्फुस, हृदय किंवा रक्ताभिसरणाचा आजार तपासायला हवा. फुप्फुसाचा जुना आजार असलेल्यांनी आपला नेहमीचा आकडा डॉक्टरांकडून माहीत करून घ्यावा.

आकडा चांगला असला तरी पुढील लक्षणांत डॉक्टरांना लगेच दाखवा :

- आडवे झाल्यावर दम लागणे, रात्री श्वास कोंडून उठून बसावे लागणे
- पायांवर सूज किंवा काही दिवसांत वजन भराभर वाढणे
- इनहेलर घेऊनही छातीत घरघर राहणे

आणि एक वाक्यही पूर्ण बोलता न येणे, ओठ निळे पडणे, छातीत दुखणे, अंग तापून बरळणे किंवा शुद्ध हरपणे यांपैकी काहीही दिसले, तर थेट १०८ ला फोन करा. अंग तापलेल्या माणसाला तोवर सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

हृदयरोग किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी रोज किती पाणी प्यायचे आणि लघवी वाढवणाऱ्या गोळीचे काय करायचे, हे उकाडा सुरू होण्याआधीच डॉक्टरांना विचारून ठेवावे. गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये.

घरातल्या म्हाताऱ्या माणसाने "जीव घुसमटतो" म्हटले, तर "सगळ्यांनाच होतंय" असे उत्तर देऊन विषय संपवू नका. रात्री झोपताना उशा किती लागतात हे विचारा, पाय पाहा, बोटाला ऑक्सिमीटर लावा. दोन मिनिटांचे काम आहे. शंका आली तर सकाळची वाट पाहू नका.