मोटारसायकलच्या इतिहासातून मिस्त्री कुणी वगळला?

१/
जुन्या मोटारसायकलींविषयीच्या मराठी स्मरणरंजनाचा साचा आता ठरून गेला आहे. राजदूत, येझदी, बुलेट यांची छायाचित्रे. खाली 'तेव्हाचे लोखंडच वेगळे होते' असा शेरा. आणि शहरातल्या एखाद्या वितरकाची आठवण, जो म्हणे गिऱ्हाइकाला चहा पाजल्याशिवाय जाऊ देत नसे. या आठवणींमागचा जिव्हाळा खरा आहे. तो चुकीच्या खात्यावर जमा होत आला आहे, एवढाच या धाग्याचा आक्षेप.

२/
त्यासाठी एक ठिकाण डोळ्यांपुढे ठेवू: रत्नागिरी तालुक्यातील हातखंबा. मुंबई-गोवा महामार्ग, पूर्वीचा क्रमांक १७ आणि आताचा ६६, बावनदी आणि निवळी मागे टाकून येथे येतो व पुढे पाली, लांजा, राजापूरकडे जातो. येथूनच पश्चिमेला रत्नागिरी शहराचा रस्ता फुटतो. रत्नागिरीहून कोल्हापूरला जाणारेही हातखंब्यावरूनच पाली, नाणीज, साखरपा करीत आंबा घाट चढतात. वितरकाची पेढी शहरात असे, बाजारपेठेत, पाटी लावून. गाडी मात्र शहरात बिघडत नाही. ती चढावर, पावसात, दोन गावांच्या मध्ये बिघडते आणि ढकलत ढकलत तिठ्यापर्यंत आणली जाते. म्हणून गॅरेज तिठ्यावर असते. कोकणातील मोटारसायकलचा इतिहास लिहायचा तर पेढीपेक्षा तिठ्यावर अधिक काळ थांबावे लागेल.

३/
आधी पेढीचा हिशेब. १९५५ मध्ये मद्रासला एन्फील्ड इंडियाची स्थापना झाली. १९६१ पासून म्हैसूरच्या आयडियल जावाच्या गाड्या रस्त्यावर येऊ लागल्या. १९७३ पासून त्यांचे नाव येझदी झाले. साठच्या दशकातच फरीदाबादच्या एस्कॉर्ट्सने पोलंडच्या एसएचएल गाडीच्या आराखड्यावर राजदूत काढली. बजाज ऑटोला स्कूटर आणि रिक्षा बनवण्याचा परवाना १९५९ मध्ये मिळाला. किती वाहने बनवायची हे कारखानदाराने नव्हे, सरकारी परवान्याने ठरवायचे, असा तो काळ. चेतक स्कूटरसाठी नाव नोंदवून लोक वर्षानुवर्षे थांबत. दहा-दहा वर्षांच्या प्रतीक्षेच्या कहाण्या आजही घराघरांत सांगितल्या जातात.

४/
मोटारसायकलची रांग स्कूटरएवढी लांब नव्हती हे मान्य. पण बाजार त्याच जातीचा होता: गिऱ्हाइकापुढे मोजून तीन-चार नावे, आणि त्यांतलेही जे जवळच्या शहरात मिळेल ते. ज्या बाजारात विक्रेत्याला माल विकावा लागत नाही, नुसता वाटावा लागतो, तेथे त्याच्या सौजन्याची परीक्षाच होत नाही. चहा पाजणारा वितरक आणि नोंदणीची पावती हाती देऊन अनिश्चित काळ थांबवणारा वितरक हा बहुधा एकच गृहस्थ असे. आठवणींनी चहा तेवढा ठेवला.

५/
याला एक अपवाद करावा लागेल. चांगल्या वितरकाच्या पेढीमागे कार्यशाळा असे. दर्शनी भागात विक्री, मागच्या अंगणात दुरुस्ती. गाडी घेणारा आणि गाडी उघडणारा एकमेकांना तोंडाने ओळखत. अशा अंगणांत शिकून पुष्कळ मिस्त्री बाहेर पडले आणि रस्त्याकडेला चार पत्रे ठोकून बसले. वितरकाला इतिहासात मानाचे पान द्यायचेच असेल तर ते या अंगणासाठी द्यावे. काउंटरसाठी नको.

६/
आता त्या 'वेगळ्या लोखंडा'विषयी. रत्नागिरीत वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. वारा खारा, उन्हाळ्यात जांभ्याची तांबडी धूळ. या हवेत कोणतेही लोखंड वेगळे राहत नाही, ते गंजते. राजदूत आणि येझदी ही टू-स्ट्रोक यंत्रे. पेट्रोलमध्येच तेल मिसळायचे, ते पेट्रोलबरोबर जळायचे, आणि त्याची काजळी सायलेन्सरमध्ये व धूर बाहेर पडण्याच्या वाटेवर साचत जायची. ती वेळोवेळी खरवडून काढली नाही तर गाडी चढावर दम तोडे. ठिणगीची वेळ सांभाळणारे पॉइंट दमट हवेत काळे पडत. ते पॉलिश-पेपरने घासून पुन्हा नेमक्या फटीवर बसवावे लागत. एवढ्याशा फटीत गाडीचा सगळा स्वभाव असे. मापक पट्टी नसलेला मिस्त्री सिगारेटच्या पाकिटातील पातळ कागद पॉइंटमध्ये धरून हळूहळू चाक फिरवी. कागद ज्या क्षणी सैल सुटे तो ठिणगीचा क्षण.

७/
बुलेटचे तंत्र आणखी निराळे. किक मारण्याआधी डिकॉम्प्रेसरची कळ दाबून अॅमीटरचा काटा मध्यावर आणायचा, मगच पाय घालायचा. नाहीतर किक उलटून पायाचा घोटा धरी. टॅपेट बसवताना पुशरॉड दोन बोटांत सहज फिरली पाहिजे, पण वरखाली हलता कामा नये, एवढाच नियम. हा नियम बोटाला कळे. येझदीवर बसणाऱ्या नवख्याला तर किकचा दांडाच शोधावा लागे, कारण तोच दांडा वळवून गिअरसाठी वापरायचा असे.

८/
सांगायचे ते असे. या गाड्या टिकल्या, कारण त्या रोज कुणीतरी टिकवल्या. कारखान्यातून निघालेली गाडी आणि वीस वर्षे पावसाळे काढलेली गाडी यांच्यात पिस्टनच्या रिंगा, प्लेटी, केबली, चेन, बेअरिंगे, कधी कधी अख्खा सिलिंडर एवढे अंतर असे. बोअर झिजला की लेथवर नेऊन थोडा मोठा करायचा आणि मोठ्या मापाचा पिस्टन घालायचा. तिठ्यावर लेथ नसे, तेव्हा काम शहरात जाई. फार अवघड असले तर आंबा घाट चढून कोल्हापूरला, जेथील शिवाजी उद्यमनगरात लेथ आणि ओतकामाचा पिढीजात धंदा आहे. 'माझी येझदी तीस वर्षे चालली' या वाक्याचा कर्ता येझदी नाही.

९/
याचा उलटा पुरावाही उपलब्ध आहे. १९८३ मध्ये एस्कॉर्ट्सने यामाहाच्या तंत्रावर राजदूत ३५० आणली. वेगात तिच्याशी बरोबरी करणारी भारतीय गाडी तेव्हा नव्हती. आज तिच्या नावाने लोक उसासे टाकतात. त्या वेळी मात्र ती महाग, पेट्रोल पिणारी आणि दुरुस्तीला अवघड म्हणून मागे पडली आणि दशक संपता संपता बंद झाली. तिचे सुटे भाग दुर्मीळ होते, तिला समजून घेणारे हात त्याहून दुर्मीळ. यंत्र उत्तम आणि मिस्त्री नाही, म्हणजे काय होते ते या एका गाडीने दाखवले. दुधाच्या किटल्या वाहणारी साधी १७५ मात्र खेड्यापाड्यांत चालत राहिली.

१०/
इतिहासप्रेमींना आत्र्यांचा 'गावगाडा' ठाऊक असतो. त्रिंबक नारायण आत्र्यांनी १९१५ मध्ये गावातल्या सुतार-लोहारांपासून सगळ्यांचा धंदा, हक्क आणि हाल लिहून ठेवले, म्हणून बलुतेदारीविषयी आज ठामपणे बोलता येते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्या गाड्याला एक नवा कारागीर जोडला गेला. शिक्षक, ग्रामसेवक, डॉक्टर, आंब्याचा व्यापारी, मिरकरवाड्याहून मासळी घेऊन निघालेला विक्रेता, सगळ्यांचा दिवस त्याच्या पान्यावर अवलंबून होता. पैसे रोख, कधी पगार झाल्यावर, कधी आंब्याच्या हंगामानंतर. त्याचा 'गावगाडा' लिहिला गेलेला नाही.

११/
येथे दुसऱ्या बाजूचे भाबडेपणही नको. तिठ्यावरचे गॅरेज ही काही संतांची वाडी नव्हती. दहा-बारा वर्षांची पोरे शाळा सोडून तेथे येत, दिवसभर पेट्रोलने भाग धुत, चुकीचा पाना दिला की मार खात, आणि पहिली काही वर्षे जेवणाखेरीज फारसे काही पदरात पडत नसे. नकली सुटे भाग अस्सल म्हणून बसवले जात. जळके तेल शेजारच्या वहाळात जाई. 'उस्तादाने घडवले' असे अभिमानाने सांगणाऱ्याच्या हातावर त्या घडवण्याचे व्रण असतात. इतिहासात हे सगळे यावे. पण येण्यासाठी आधी कुणाला तरी तेथे जाऊन विचारावे लागेल. गोड आठवणींच्या धाग्यांत त्या पोरांनाही जागा मिळालेली नाही.

१२/
१९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आली. फोर-स्ट्रोक, काटकसरी. तिची प्रसिद्ध जाहिरात सांगे: टाकी भरा, बंद करा आणि विसरून जा. गिऱ्हाइकाने ते मनापासून ऐकले, आणि त्याला दोष देता येत नाही. महिन्याला पॉइंट घासून घेण्यात कुणाला सुख होते? पण विसरण्याच्या त्या सोयीत गाडी उघडून पाहण्याची सवय गेली, आणि सवयीबरोबर ओळखही. १९९६ मध्ये येझदीचा कारखाना बंद झाला. यामाहाची आरएक्स १०० त्याच वर्षी थांबली. २००० सालच्या धुराच्या नियमांनी टू-स्ट्रोकचा उरलासुरला काळ आवळत आणला. हवेच्या दृष्टीने ते योग्यच झाले.

१३/
मग आठवण हाच माल झाला. २०१८ च्या नोव्हेंबरात जावा हे नाव नव्या कंपनीने पुन्हा बाजारात आणले, २०२२ च्या जानेवारीत येझदी. गोल दिवा, टाकीचा जुना घाट, जाहिरातीत जुना काळ. गाड्या बऱ्या असतील, वाईट असतील. तो प्रश्न येथे नाही. जे नाव तिठ्यातिठ्यांवरच्या मिस्त्र्यांनी मूळ कारखाना बंद पडल्यानंतरही बावीस वर्षे रस्त्यावर जिवंत ठेवले, त्या नावाच्या पुनरागमनात त्यांचा वाटा कोणता? नव्या यंत्राची नाडी पाहण्याचे साधनही त्यांच्याजवळ नाही.

१४/
हा अलंकार नव्हे. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ चे नियम लागू झाले. कार्बोरेटर जवळजवळ गेला, त्या जागी इंधन फवारणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आली. आता बिघाड झाला की मीटरवर दिवा लागतो. तो का लागला हे वाचायला उपकरण लागते, आणि कंपनीची पूर्ण माहिती अधिकृत केंद्राकडे असते. बाजारातली स्वस्त उपकरणे काही संकेत वाचतात, सगळे नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात मतदारांनी २०१२ मध्येच कौल दिला की वाहनाच्या दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजवाल्यालाही मिळाली पाहिजे. भारतात केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने 'दुरुस्तीच्या हक्का'साठी २०२२ मध्ये समिती नेमली; तिच्या विषयांत वाहनेही होती. त्याच वर्षी २४ डिसेंबरला एक संकेतस्थळ सुरू झाले. संकेतस्थळ म्हणजे कायदा नव्हे. जुन्या वितरकाच्या चहाची आठवण काढणाऱ्यांपैकी किती जणांनी या हक्काविषयी एक ओळ लिहिली आहे?

१५/
वास्तविक त्या चहाची चव ज्यामुळे गोड होती ती गोष्ट हीच आहे. गाडी उघडी होती. मालक समोर उभा राहून पाहू शकत होता, विचारू शकत होता, भांडू शकत होता. मिस्त्री बदलू शकत होता. आजच्या काचेच्या दालनात गाडी आत जाते आणि बिल बाहेर येते. दालनातली माणसे वाईट आहेत म्हणून असे घडत नाही. माहिती कुणाच्या मालकीची, हा तो प्रश्न आहे, आणि तो भावनेने सुटणारा नाही.

१६/
'हा कसला इतिहास? इतिहास म्हणजे गडकोट, मोडी, ताम्रपट' असे म्हणणारे भेटतात. त्यांनी पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात एक दुपार घालवावी. दिवे, अडकित्ते, दौती, घरातली भांडी. केळकरांनी ती जमवू लागली तेव्हा पुष्कळ घरांत ती अडगळच होती. मॅग्नेटो ओढून काढायचा पुलर, प्लग-पाना, हाताने वाकवून केलेले हत्यार, उधारीची तेलकट वही या वस्तू आज नेमक्या त्या अवस्थेत आहेत. भंगारवाला त्यांना किलोवर घेतो.

१७/
आणि घाई का, तर रस्ता. महामार्गाच्या चौपदरीकरणाने कोकणातल्या तिठ्यांची जुनी रचना मोडीत काढली आहे. रस्त्याला लागून असलेली दुकाने मागे सरकतात किंवा उठतात. भूसंपादनाच्या कागदांवर गट क्रमांक येतो, क्षेत्र येते, बांधकामाचे मोजमाप येते. त्या पत्र्याखाली कोण कुणाकडून काय शिकले हे कोणत्याही रकान्यात येत नाही. उड्डाणपुलावरून जाणाऱ्याला तर तिठा लागतच नाही.

१८/
हातखंबा, पाली, निवळी, लांजा. ज्या तरुणांना रविवारी गडावर जाण्याची सवय आहे त्यांनी एक रविवार इकडे द्यावा. विचारण्यासारखे पुष्कळ आहे: काम कुणाच्या हाताखाली शिकलात, पहिला पगार किती आणि कितव्या वर्षी, पहिली गाडी कोणती उघडली, सुटे भाग एसटीच्या पार्सलने येत की ट्रकवाल्याच्या हाती, बोअर कुठे पाठवत होता, पावसाळ्यात प्लगच्या टोपीवर काय बांधत होता, उधारी कुणाची बुडाली. मिस्त्री वयस्क असेल तर गाडीचा आवाज तोंडाने काढून दाखवायला सांगावे आणि तो ध्वनिमुद्रित करावा. बिघाडागणिक आवाज निराळा असतो. वही मिळाली तर तिची प्रत्येक पानाची छायाचित्रे घ्यावीत, मागच्या पुठ्ठ्यावरचे आकडेही.