खोटी चिठ्ठी आणि रानपिंगळा

आमच्या पेडण्याच्या घरामागे जुना आंबा आहे. त्याच्या ढोलीत पिंगळ्यांची जोडी राहते. तिन्हीसांजेला त्यांचा कलकलाट सुरू झाला की आजी म्हणते, "लागली बघ मेली भांडायला!" हा पिंगळा गोव्यात कुठेही दिसतो. त्याचा दुर्मीळ भाऊबंद, रानपिंगळा, मात्र फक्त मध्य आणि पश्चिम भारतातल्या काही रानांत आढळतो. त्याची गोष्ट आपण विद्यार्थ्यांनी ऐकायलाच हवी, कारण ती खोट्या नोंदीचीही गोष्ट आहे.

जेमतेम 23 सेंटिमीटरचा हा पक्षी. 1873 साली ह्यूम यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. 1884 नंतर तो कुणाला मिळालाच नाही. अपवाद एकच: गुजरातमधल्या मांडवीजवळ 1914 साली मिळाला, अशी चिठ्ठी लावलेला एक नमुना. तो रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याच्या संग्रहात होता. पुढे पामेला रासमुसेन यांनी त्याची तपासणी केली आणि बिंग फुटलं. तो नमुना खानदेशातला, एकोणिसाव्या शतकातला निघाला. संग्रहालयातून चोरून, उसवून, पुन्हा भरून त्यावर खोटी चिठ्ठी लावली होती! त्या चिठ्ठीवर विश्वासून शोधणारे भलतीकडेच फिरले. रासमुसेन आणि त्यांच्या साथीदारांनी जुन्या खऱ्या नोंदींच्या जागा धरल्या. नोव्हेंबर 1997 मध्ये, 113 वर्षांनी, शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी रानपिंगळा दिसला. दिवसाढवळ्या, उघड्या फांदीवर बसलेला.

कुणी म्हणेल, साहेबाने केली लबाडी, आपल्याला त्याचं काय? मग मोपा आठवा. विमानतळाच्या पर्यावरण मंजुरीला सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2019 मध्ये स्थगिती दिली. अर्जात आसपासच्या जंगलांची द्यायला हवी ती माहिती दिली नव्हती, हे त्यामागचं एक कारण. जानेवारी 2020 मध्ये स्थगिती उठली, आज विमानं उडताहेत. विमानतळ हवा की नको, हा वाद मी इथे घालत नाही. मुद्दा एवढाच, की कागदावर जे नाही ते सरकारदरबारी नसतंच.

मग आपल्या गावातलं रान कागदावर आणायचं कुणी? उद्या डिचोलीत खाणीची जनसुनावणी लागली तर "आमच्याकडे खूप पक्षी आहेत" एवढं सांगून भागणार नाही. कोणता पक्षी, कुठे, कधी, किती, हे विचारलं जाईल. त्यात आपण भलत्याच राज्यातल्या बिबट्याचा फोटो "आमच्या गावात आला" म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर ढकलतो. तीसुद्धा खोटी चिठ्ठीच. अशा दहा चिठ्ठ्या फिरल्या की अकराव्या खऱ्या नोंदीवरही कुणी विश्वास ठेवत नाही.

म्हणून मंडळातल्या मित्रमैत्रिणींना माझं सांगणं आहे: कविता लिहाच, पण सोबत एक साधी वही ठेवा. तिच्यात उपमा नकोत, अलंकार नकोत. जे दिसलं तेवढंच लिहा. मी सुरुवात केली आहे. पहिल्या पानावर आहे: पिंगळे दोन, आंब्याची ढोली, संध्याकाळी सव्वासहा. दुसऱ्या दिवशीच्या पानावर: दिसले नाहीत.

तेही लिहायचं.