शुश्रूषा करणारीची विचारपूस

११ फेब्रुवारी हा लूर्दमातेचा सण. परमगुरुस्वामी जॉन पॉल दुसरे ह्यांनी १९९२ साली तोच दिवस जागतिक रुग्णदिन म्हणून नेमून दिला. त्या दिवशी आजाऱ्यांसाठी प्रार्थना होते, हे योग्यच. पण आजाऱ्याच्या उशाशी बसणारीचे काय?

अर्धांगवायूने अंथरुणास खिळलेल्या माणसास पाठीला व्रण पडू नयेत म्हणून साधारण दर दोन तासांनी कुशीवर वळवावे लागते, रात्रीदेखील. हे काम बहुधा एकट्या सुनेच्या वा मुलीच्या वाट्यास येते. आम्ही परमप्रसाद घेऊन जातो तेव्हा शेजारी जमतात, सासूबाईंची चौकशी करतात, चहा घेऊन उठतात. तो चहाही तिनेच केलेला असतो.

चांगल्या शोमरोन्याचा दाखला आपणांस पाठ आहे. जखमीस उतारशाळेत पोहोचवून दुसऱ्या दिवशी तो मार्गस्थ झाला. पुढील शुश्रूषेचा भार पडला तो उतारशाळेच्या रक्षकावर. त्याची आठवण कोण ठेवतो? शोमरोन्याने मात्र ठेविली. दोन नाणी हातावर ठेवून, अधिक खर्च झाल्यास परतताना देईन, असे तो सांगून गेला.

तेव्हा वाचकहो, आजाऱ्याकडे जाल तेव्हा निदान दोन तास बसा, आणि तिला म्हणा, "पोरी, तू जरा नीज. आम्ही आहोत."