‘उपयोग काय?’चं दहा आकडी उत्तर

आमच्या होस्टेलवर एक प्रश्न भलताच पॉप्युलर आहे : “याचा उपयोग काय?” त्याचा थोरला भाऊ म्हणजे “पेपरला येणार का?” दोन्हींची उत्तरं ‘नाही’ आली की आपण चॅप्टर ऑप्शनला टाकायला मोकळे! मीही त्यातलीच. पण मागच्या सेमला व्हायव्हात माझी दांडी गुल झाली.

सरांनी विचारलं, “३२ बिटच्या इंटची मॅक्झिमम व्हॅल्यू?” मी पोपटासारखं २१४७४८३६४७ म्हणून टाकलं. “आता मराठीत सांग.” मी पडले कॉन्व्हेंटची! ‘दोन अब्ज चौदा कोटी’पर्यंत गेले आणि चौऱ्याहत्तर की चौऱ्याऐंशी यात अडकले. सर हसले. म्हणाले, “ही मूळ संख्या आहे, माहीत आहे?” मी मनात म्हटलं, उपयोग काय?

पण रात्री झोप येईना, म्हणून वाचत बसले. ही संख्या म्हणजे २ चा ३१ वा घात वजा १. ती मूळ आहे हे ऑयलरने १७७२ मध्ये दाखवलं, तेही दृष्टी जवळजवळ गेलेली असताना. तिचं वर्गमूळ ४६३४० च्या किंचित वर. तिथपर्यंत एकेका संख्येने भागत बसणं म्हणजे हमाली. ऑयलरने आधी डोकं चालवलं. या संख्येला मूळ विभाजक असलाच, तर त्याला ६२ ने भागून बाकी १ उरायला हवी आणि ८ ने भागून १ किंवा ७. या चाळणीतून चारशेसुद्धा उमेदवार उरत नाहीत!

हिच्यापासून एक ‘परिपूर्ण संख्या’ही बनते, म्हणजे ६ = १ + २ + ३ सारखी, स्वतःच्या विभाजकांची बेरीज असणारी. १८११ मध्ये पीटर बार्लो या इंग्रज गणितज्ञाने लिहिलं की याहून मोठी परिपूर्ण संख्या कोणी शोधणारच नाही, कारण त्या नुसत्या गमतीच्या, उपयोगाच्या नव्हेत. म्हणजे बार्लोसाहेब आमच्याच होस्टेलचे!

पुढे त्याहून मोठ्या सापडल्याच. आणि १९८८ मध्ये पार्क आणि मिलर यांनी रँडम नंबरसाठी एक साधी रीत सुचवली : आधीच्या संख्येला १६८०७ ने गुणा, २१४७४८३६४७ ने भागा, बाकी घ्या. भाजक मूळ आणि गुणक नीट निवडलेला, म्हणून १ पासून २१४७४८३६४६ पर्यंतची प्रत्येक संख्या एकेकदा येऊन गेल्याशिवाय चक्र पुन्हा सुरू होत नाही. सिम्युलेशनला हेच तर हवं असतं. ‘बिनउपयोगी’ गुणधर्म १७७ वर्षांनी कामाला आला.

मित्रांनो, ‘उपयोग काय’ हा प्रश्न वाईट नाही. आपण इंजिनिअर, आपण तो विचारायलाच हवा. वाईट आहे ती उत्तराची घाई. ऑयलर उपयोगासाठी थांबला असता, तर पार्क-मिलरच्या हाती काय लागलं असतं? आपण मात्र चार महिन्यांच्या सेममध्ये निकाल लावून मोकळे होतो आणि ज्याची पुढे गरज पडेल तेच नेमकं ऑप्शनला टाकतो.

मी टाकलेला चॅप्टर परत काढलाय. पेपरला येईल का, ठाऊक नाही. आणि हो सर, चौऱ्याहत्तर लाख. आता चुकणार नाही.