तीन, चार, पाच

परवा घरामागे एक खोली वाढवायला काढली. पायाची आखणी करायला आलेला गवंडी माझाच जुना विद्यार्थी निघाला. नाव लिहीत नाही, कारण आठवीत भूमितीत त्याला मीच नापास केले होते.

त्याच्या पिशवीत गुण्या होता, पण त्याने तो काढलाच नाही. म्हणाला, "सर, गुण्या हातभर, भिंत पंधरा फूट. इथे एक सूत चुकलं की तिकडे इंचभर जातं. तुम्ही दोरी धरा." कोपऱ्याच्या खुंटीपासून एका दोरीवर नऊ फुटांवर खूण केली, दुसरीवर बारा फुटांवर. मग दोन खुणांमधले तिरके माप पंधरा भरेपर्यंत एक दोरी सरकवत राहिला. पंधरा भरले, कोपरा गुण्यात आला.

मी (सवयीने!) विचारले, "हे कोणाचं प्रमेय?"

"प्रमेय कशाचं सर, माप आहे हे."

मंडळी, मी संस्कृत घेऊन बी.ए. झालेला माणूस. गणिताला शिक्षक कमी पडले म्हणून भूमिती माझ्या गळ्यात आली आणि मी ती सुभाषितासारखी शिकवली. कर्णाचा वर्ग, इतर दोन बाजूंच्या वर्गांची बेरीज... सगळा वर्ग एका सुरात म्हणायचा. आणि गवंडी वापरतो तो तर त्या प्रमेयाचा व्यत्यास, म्हणजे वर्ग जुळले तर कोन काटकोनच असणार. तो मी एका तासात उरकून टाकायचो. त्या पोराला नापास करताना मी नक्की काय तपासले, हा प्रश्न आता छळतो.

असो. आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप गटावर मात्र वेगळीच लढाई चालू असते. प्रमेय आपले, पायथागोरसने पळवले! जानेवारी 2015 मध्ये मुंबईच्या सायन्स काँग्रेसमध्ये केंद्रीय मंत्र्यांनीही श्रेय आपले असल्याचे सांगितले, तेव्हापासून जोर वाढलाय. बौधायनाच्या शुल्बसूत्रात यज्ञवेदीसाठी हा नियम दोरीच्या भाषेत स्पष्ट सांगितला आहे, आणि ते सूत्र पायथागोरसच्या आधीचे मानले जाते, हे खरे. पण बाबिलोनच्या लोकांनी इसवीसनापूर्वी 1800 च्या सुमारास असल्या त्रिकुटांचा तक्ता मातीच्या विटेवर कोरून ठेवलाय, त्याचे काय करायचे? आणि सूत्रात नियम आहे, सिद्धता नाही. ती रीतसर मांडलेली युक्लिडच्या पहिल्या पुस्तकात सापडते. मला हे भांडणच पोकळ वाटते. कारण भांडणाऱ्यांपैकी कितीजणांनी लीलावती उघडली आहे?

मी निवृत्तीनंतर उघडली. 1150 चा ग्रंथ. त्यात नऊ हात उंच खांबावर मोर बसलाय, सत्तावीस हातांवरून साप खांबाच्या बुडाशी असलेल्या बिळाकडे येतोय, दोघांचा वेग सारखा. मोर तिरका झेपावून त्याला बिळापासून बारा हातांवर गाठतो, दोघेही पंधरा हात जातात. नऊ, बारा, पंधरा. माझ्या गवंड्याचीच दोरी! बत्तीस हातांचा बांबू वाऱ्याने मोडतो, शेंडा बुंध्यापासून सोळा हातांवर टेकतो, तर बांबू मोडला बारा हातांवर. म्हणजे बारा, सोळा, वीस. बीजगणित या त्यांच्या दुसऱ्या ग्रंथात पंधरा, वीस, पंचवीस. तिथे तर असे चार त्रिकोण मोठ्या चौरसात मांडून, मधे पाच हातांचा लहान चौरस सोडून सिद्धताच डोळ्यांना दाखवली आहे. चार त्रिकोणांचे 600, मधले 25, मिळून 625. सगळीकडे तीन-चार-पाचच, फक्त पट वेगळी.

भास्कराचार्यांचे विज्जलविड नेमके कुठले यावर विद्वानांचे वाद आहेत, त्यात मी पडत नाही. पण त्यांचे नातू चांगदेव यांनी त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला तो आपल्या चाळीसगावजवळच्या पाटणला. 1207 चा शिलालेख आहे, भाऊ दाजींनी उजेडात आणलेला. निकुंभ राजा सोइदेवाने मठाला देणगी दिली, बाजारातल्या करांचा वाटाही लावून दिला, आणि तो भाग त्या काळच्या मराठीत कोरलाय. बाजारहाटातल्या पैशावर गणिताची शाळा, तीही खानदेशात! नोकरीत असताना मी पाटणादेवीला दोन सहली नेल्या. दर्शन, डबे, धबधबा. शिलालेखाबद्दल मुलांना चकार शब्द सांगितला नाही, कारण मलाच माहीत नव्हते.

माझे म्हणणे एवढेच, की आधी मुलांना मैदानावर दोरी आणि खुंट्या द्या. मग सिद्धता. नाव कोणाचे ते सहामाहीनंतर सांगितले तरी चालेल. (शिक्षक मित्र रागावतील, रागावू देत.)

दुपारी चहाला गवंडी टेकला तेव्हा सिमेंटच्या रिकाम्या गोणीवर 81, 144 आणि 225 लिहून दाखवले. तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "सर, मागचा बोळ पाचच फुटांचा आहे. तिथे चालेल असं दुसरं माप आहे का?"

पाच, बारा, तेरा. बौधायनाच्या यादीतलेच. त्याने 25, 144, 169 मला लिहायला लावले, स्वतः बेरीज केली आणि कानावरची पेन्सिल काढून आकडे गुण्याच्या दांड्यावर लिहून घेतले.