तंत्रगप्पा : ‘तर’ आहे, ‘नाहीतर’ कुठे?

मंडळी, फराळाची यादी फोनवर सांगताना आई म्हणते, “चकली भाजणीची कर. तिकडे भाजणी मिळाली नाही, तर तांदळाच्या पिठाची.” अट पुरी झाली नाही तर काय, हेही तिने सांगितलेले असते. आपल्यापैकी जे सर्व्हर सांभाळतात त्यांच्या अ‍ॅन्सिबलमध्ये कामाला अट घालता येते, पण त्या अटीला ‘नाहीतर’ नाही.

इतरांसाठी थोडक्यात: सर्व्हर कसा असावा हे फाइलीत लिहायचे आणि अ‍ॅन्सिबलने ते शंभर ठिकाणी घडवून आणायचे. पण सगळे सर्व्हर सारखे नसतात. अपाची वेबसर्व्हरचे पॅकेज डेबियनवर ‘अपाची२’, तर रेड हॅटवर ‘एचटीटीपीडी’. म्हणून कामाखाली ‘व्हेन’ची ओळ येते: घराणे डेबियन असेल तरच हे कर. (उबुंटूचे घराणेही डेबियनच.)

समजा, फायरवॉलच्या कामाखाली कोणी डेबियनचा ‘डी’ कॅपिटलऐवजी स्मॉल लिहिला. अ‍ॅन्सिबलच्या लेखी हे दोन वेगळे शब्द. अट खोटी ठरते, काम वगळले जाते आणि शेवटी ‘फेल्ड’पुढे शून्य दिसते. सर्व्हर इंटरनेटवर उघडा, आणि पडद्यावर लाल अक्षर एकही नाही! योग्य कारणाने वगळलेले काम असो की चुकून, दोन्हीकडे ‘स्किपिंग’च दिसते. पपेटमध्ये बरोबरीची तुलना लहान-मोठे अक्षर पाहत नाही, त्यामुळे तिथे हा घोळ होत नाही. दुसरे होतात.

माझ्या मते कामाकामाखाली अटी पेरूच नयेत. प्रत्येक घराण्याची वेगळी व्हेरिएबल फाइल ठेवावी आणि घराण्याच्या नावावरून ती उचलावी. नाव चुकले तर फाइल सापडत नाही आणि अ‍ॅन्सिबल तिथेच आरडाओरडा करून थांबते. हेच हवे. शिवाय शेवटी एक बिनअटीचे काम असावे: फायरवॉल चालू आहे का पाहा, नसेल तर ‘असर्ट’ने थांबव.

आता अ‍ॅन्सिबलही कडक झाले आहे. २०२५ मध्ये आलेल्या अ‍ॅन्सिबल-कोअर २.१९ पासून अटीचे उत्तर निखळ खरे किंवा खोटे नसेल, तर काम वगळले न जाता एरर येते. कमांडवर ‘बॅकअप=फॉल्स’ असे दिलेले मूल्य नुसता मजकूर म्हणून पोचते, त्याला ‘बूल’ फिल्टर लावावा लागतो. अपग्रेडनंतर जुनी प्लेबुक अडली, तर आधी ‘व्हेन’च्या ओळी तपासा.